युद्धकर्जाची पट्टी: इंग्लंडकडे अडकलेले 130 कोटी पौंड कसे मिटले

प्रश्न रोह्याहून आला आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंड हिंदुस्थानचं सुमारे 130 कोटी पौंडांचं देणं लागत होतं आणि त्या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आपल्या कुलाबा जिल्ह्याचे, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते, एवढं वाचून विचारणाऱ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. ते पैसे आले की बुडाले? देणं कबूल असताना वाटाघाटींना वर्षंच्या वर्षं का लागतात? आणि सरळ रक्कम मागून का घेत नाहीत?

पहिल्याचं थोडक्यात उत्तर: बुडाले नाहीत, पण थैलीत घालून रोखही आले नाहीत. खरी मेख तिसऱ्या प्रश्नात आहे. "मागून का घेत नाहीत" असं विचारताना आपण धरून चालतो की देणेकऱ्याच्या तिजोरीत ती रक्कम कुठेतरी पडून आहे. तशी ती नसते. इंग्लंडचं सरकार कर गोळा करतं ते पौंडांत. अमेरिकेला हवे असतात डॉलर, आपल्याला हवी असतात धान्य आणि यंत्रं. पौंडाचा डॉलर व्हायला इंग्लंडने बाहेर काहीतरी विकावं लागतं. म्हणजे सरकारकडे आपल्या चलनात पैसा आहे की नाही हा एक प्रश्न, आणि तो पैसा सीमेपलीकडे जाऊ शकतो का हा दुसरा. युद्धकर्जाच्या वाटाघाटी बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर अडतात. एकूण आकडा किती हे सगळ्यात आधी छापून येतं, पण टेबलावर बसणारे त्याला फार वेळ देत नाहीत. ते बघतात: वर्षाला किती, कोणत्या चलनात, आणि त्यातून काय विकत घेता येईल.

हे कोकणातल्या माणसाला समजायला अवघड नाही. हापूसच्या बागायतदाराने मोसमाआधी वाशीच्या दलालाकडून उचल घेतलेली असते. ती तो फेडतो आंब्याच्या पेट्यांनी. पेट्या गेल्या की पट्टी येते: विक्री किती, त्यातून दलाली, हमाली, गाडीभाडं, उचलीचा हप्ता वजा, आणि तळाला हातात पडणारी रक्कम. आता समजा, दलाल म्हणाला की उचल तर फेड, पण तुझे आंबे मी गाळ्यावर उतरवून घेणार नाही. बागायतदार फेडणार कशातून? पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेने नेमकं हेच केलं. मित्रराष्ट्रांना सुमारे 10 अब्ज डॉलर दिलेले, ते परत हवेत. पण 1922 मध्ये आणि पुन्हा 1930 मध्ये आयात मालावरची जकात एवढी चढवली की युरोपचा माल तिथे खपणं कठीण झालं. युद्धकर्जाच्या कुठल्याही करारावर माझा पहिला प्रश्न हाच असतो: धनको देणेकऱ्याचा माल घेतोय का? घेत नसेल तर बाकीची कलमं कितीही नीट लिहिली तरी करार टिकत नाही.

एक फरक आधी सांगतो, कारण या दोन गोष्टी सहज मिसळतात. युद्धकर्ज म्हणजे मित्राने मित्राला लढायला दिलेले पैसे किंवा माल. युद्धदंड किंवा नुकसानभरपाई म्हणजे जिंकणाऱ्याने हरणाऱ्याकडून घेतलेली रक्कम. आपल्या किनाऱ्याचा इतिहास दुसऱ्या प्रकाराचा जास्त आहे. 1776 च्या पुरंदरच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वर युद्धखर्चापोटी पेशव्यांनी 12 लाख रुपये द्यायचे ठरले. 1802 च्या डिसेंबरअखेर वसईला झालेल्या तहात तैनाती फौजेच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाखांचं उत्पन्न देणारा मुलूखच तोडून दिला गेला. मुलूख घेतला की वसुलीची अडचणच उरत नाही, महसूल तिथलाच आणि खर्चही तिथलाच. विसाव्या शतकात असा मुलूख तोडून घेणं अवघड झालं, म्हणून हप्ते, व्याज आणि चलन यांची ही सगळी कसरत आली.

वाटाघाटी सुरू होतात त्या हिशेब जुळवण्यापासून. ऐकायला कारकुनी काम वाटतं, पण निम्मी लढाई इथेच होते. युद्धात रोख कर्ज असतं, माल असतो, युद्धबंदीनंतर दिलेलं धान्य असतं, आणि सैन्य घरी जाताना मागे टाकलेली सामग्री असते. प्रत्येकाला वेगळा न्याय लावता येतो, म्हणून जो तो आपल्या सोयीची वर्गवारी मांडतो. बेल्जियमने युद्धबंदीच्या आधीचं सुमारे 17 कोटी डॉलरचं कर्ज वेगळं काढून घेतलं आणि 1925 मध्ये त्यावर व्याज न लावण्याचं अमेरिकेकडून मान्य करून घेतलं. फ्रान्सचं उलट झालं. अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेली सामग्री फ्रान्सने 40 कोटी डॉलरहून जास्त किमतीला उधारीवर घेतली होती आणि ती रक्कम 1 ऑगस्ट 1929 ला एकरकमी देय होती. मुख्य करार 29 एप्रिल 1926 ला सही होऊन पडला होता, फ्रेंच संसद त्याला हात लावत नव्हती, त्याच्या विरोधात युद्धात जायबंदी झालेले सैनिक पॅरिसच्या रस्त्यावर उतरले होते. पण करार मंजूर केला नाही तर सामग्रीचे 40 कोटी ताबडतोब मोजावे लागणार, मंजूर केला तर ते लांबच्या हप्त्यांत मिसळणार. 1929 च्या जुलैत मंजुरी आली. ज्या बाबीकडे कोणी फारसं पाहिलं नव्हतं, तिच्या मुदतीने मोठा करार मार्गी लागला. म्हणून हिशेब जुळवताना प्रत्येक बाबीपुढे तिची देय तारीख लिहायची. रक्कम नंतर.

मग येतात अटी. हा भाग जवळून बघण्यासारखा आहे, कारण माफी कशी लपवतात ते इथे दिसतं. अमेरिकी काँग्रेसने 1922 मध्ये कर्ज आयोग नेमला, अर्थमंत्री अँड्र्यू मेलन त्याचे अध्यक्ष. कायद्यात लिहिलं होतं: मुद्दल माफ करायचं नाही, मुदत 25 वर्षांपेक्षा जास्त नाही, व्याज सव्वाचार टक्क्यांपेक्षा कमी नाही. प्रत्यक्षात काय झालं? मुद्दलाला धक्का लावला नाही, बाकी दोन्ही अटी काँग्रेसच्याच संमतीने सैल झाल्या. इंग्लंडने 1923 मध्ये 4.6 अब्ज डॉलर 62 वर्षांत, पहिली 10 वर्षं 3 टक्के आणि पुढे साडेतीन टक्के व्याजाने फेडायचं कबूल केलं. फ्रान्सला तेवढीच 62 वर्षं, पण सरासरी व्याज सुमारे 1.6 टक्के. इटलीला 62 वर्षं आणि सुमारे 0.4 टक्के.

आता कागद घेऊन हिशेब करा. मूळ कर्जाचं व्याज 5 टक्के होतं, म्हणून 5 टक्के हाच बाजारभाव धरू. 100 डॉलर कर्ज 62 समान वार्षिक हप्त्यांत फेडायचं तर साडेतीन टक्क्यांनी वर्षाला 3.97 डॉलर बसतात, 1.6 टक्क्यांनी 2.55 आणि 0.4 टक्क्यांनी 1.82. या हप्त्यांची आजची किंमत, म्हणजे ते सगळे करार झाला त्याच दिवशी एकरकमी घेतले तर किती होतील ते, 5 टक्क्यांनी काढली तर अनुक्रमे सुमारे 76, 49 आणि 35 डॉलर येते. म्हणजे "मुद्दल पूर्ण वसूल" असं छापून इटलीला जवळजवळ दोन तृतीयांश माफी मिळाली. प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळाली, कारण हप्ते समान नव्हते. इटलीने पहिली पाच वर्षं दर वर्षी फक्त 50 लाख डॉलर द्यायचे होते. मतदाराला मुद्दल कळतं, आजची किंमत कळत नाही. म्हणून मुद्दल शाबूत ठेवतात, आणि द्यायची ती सवलत व्याज, मुदत आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या हप्त्यांमधून देतात. एखाद्या करारात कुणाला किती सूट मिळाली हे बघायचं असेल तर पहिल्या पानावरचा आकडा सोडून शेवटच्या परिशिष्टातलं हप्त्यांचं कोष्टक काढा.

याच उदाहरणात इंग्लंडची चूकही दिसते. जेवणाच्या पहिल्या पंगतीला बसणं चांगलं, कर्जाच्या पंगतीत पहिलं बसणं धोक्याचं. इंग्लंडचे अर्थमंत्री बाल्डविन 1923 च्या जानेवारीत वॉशिंग्टनला जाऊन मोठ्या देणेकऱ्यांत सर्वांत आधी तडजोड करून आले, आणि पुढे कोणाला सौम्य अटी मिळाल्या तर त्या आम्हालाही लागू होतील असं कलम त्यांच्या हाती नव्हतं. नंतर आलेल्या फ्रान्स-इटलीला बराच कमी भार पडला. आज सरकारी कर्जांच्या पुनर्रचनेत सर्व धनकोंना सारखी वागणूक देण्याचं कलम ठरलेलं असतं. पण ते धनकोंना सांभाळतं; 1923 ला अडचणीत आलेला इंग्लंड देणेकरी होता.

दुसरं महत्त्वाचं कलम म्हणजे बचावाचं. फ्रान्सचं म्हणणं होतं, जर्मनीकडून आम्हाला भरपाई मिळेल तेवढंच आम्ही अमेरिकेला देऊ. इंग्लंडने तर 1 ऑगस्ट 1922 च्या बाल्फोर पत्रात जाहीरच केलं की अमेरिकेला जेवढं द्यावं लागेल तेवढंच आम्ही इतरांकडून वसूल करू. अमेरिकेने दोन्ही गोष्टींचा संबंध जोडायला शेवटपर्यंत नकार दिला. कागदावर संबंध नव्हता, पैशांत मात्र तो होता: अमेरिकी बँका जर्मनीला कर्ज देत, जर्मनी फ्रान्स-इंग्लंडला भरपाई देई, ते अमेरिकेला हप्ता भरत. जर्मनीवर 1921 मध्ये 132 अब्ज सुवर्णमार्कांचा आकडा लादला होता, त्यातले 82 अब्ज कधी मागितले जाणार नाहीत हे ठरवणाऱ्यांनाही कळत होतं. 1924 च्या डॉज योजनेने एक चांगली युक्ती केली: जर्मनीने आपल्या मार्कांत खात्यावर रक्कम भरली की तिची जबाबदारी संपली, ते मार्क परकी चलनात बदलून बाहेर न्यायचं काम हस्तांतर समितीचं, आणि मार्क डळमळू लागला तर समितीने थांबायचं. वर सांगितलेले दोन प्रश्न तिथे पहिल्यांदा स्वच्छ वेगळे केले गेले. दुर्दैवाने 1929 च्या यंग योजनेत ही ढाल बरीचशी काढून घेतली.

मंदी आली आणि चक्र थांबलं. अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी जून 1931 मध्ये वर्षभराची हप्तेस्थगिती जाहीर केली. 1932 च्या जुलैत स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या परिषदेत जर्मनीची भरपाई 3 अब्ज मार्कांवर आणली. 15 डिसेंबर 1932 चा हप्ता इंग्लंडने भरला, फ्रान्सने चुकवला आणि तिथलं सरकार त्याच मुद्द्यावर पडलं. 1934 मध्ये इंग्लंडही थांबलं. फिनलंड मात्र भरत राहिला, त्याची रक्कमही लहान होती, सुमारे 90 लाख डॉलर.

हा धडा घेऊन 1953 चा लंडन करार लिहिला गेला, आणि माझ्या मते तो या विषयातला सगळ्यात शहाणा कागद आहे. पश्चिम जर्मनीवरचा सुमारे 30 अब्ज मार्कांचा दावा निम्म्यावर आणला. हप्ते व्यापारातल्या वाढाव्यातून द्यायचे असं तत्त्व धरलं, म्हणजे जर्मनीचा माल विकत घेणं हे धनकोंच्याच हिताचं झालं. काही जुन्या रोख्यांचं थकलेलं व्याज देश एक होईपर्यंत बाजूला ठेवलं. ते एकीकरणानंतर सुरू होऊन शेवटचा हप्ता 3 ऑक्टोबर 2010 ला गेला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. हिंदुस्थानची स्टर्लिंग शिल्लक, म्हणजे लंडनमध्ये पौंडांत जमा असलेलं येणं, साठली कशी हे कळल्याशिवाय ती मिटली कशी हे कळत नाही. युद्धाच्या सुरुवातीला संरक्षणखर्चाचा करार झाला: शांतताकाळातला नेहमीचा खर्च आणि हिंदुस्थानच्या स्वतःच्या बचावाचा खर्च इथल्या सरकारचा, उरलेला लंडनचा. इथे कापड, धान्य, तंबू, पगार यांचे पैसे रुपयांत चुकते व्हायचे. लंडन तेवढे पौंड रिझर्व्ह बँकेच्या नावावर तिथेच जमा करायचं. आणि त्या पौंडांच्या आधारावर बँक इथे नोटा छापायची. चलनातल्या नोटा 1939 मध्ये सुमारे 180 कोटी रुपयांच्या होत्या, 1946 पर्यंत 1,200 कोटींच्या पुढे गेल्या. माल निघून गेला, नोटा राहिल्या, भाव चढले. 1943 चा बंगालचा दुष्काळ याच वर्षांतला. लंडनच्या खात्यात पडलेला प्रत्येक पौंड इथल्या कुणाच्या तरी ताटातून गेलेला होता. हे पैसे "सरकारचे" म्हणून कोरडेपणाने बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

इंग्लंडकडचे युक्तिवाद दोन. हिंदुस्थानात आम्हाला फुगलेल्या भावाने माल घ्यावा लागला; आणि जपानपासून आम्ही त्यांचा बचाव केला, त्याचाही हिशेब धरा. याला अमेरिकेचंही बळ मिळालं. 1945 च्या डिसेंबरात इंग्लंडने अमेरिकेकडून 3.75 अब्ज डॉलर 2 टक्क्यांनी घेतले, त्या करारात स्टर्लिंग शिल्लकेचे तीन भाग करायचं लिहिलं होतं: काही लगेच मोकळी, काही 1951 पासून हप्त्यांनी, आणि काही युद्धाला हातभार म्हणून सोडून देण्याची. म्हणजे आपल्या देणेकऱ्याला नवं कर्ज देणारा तिसराच धनको आपल्या येण्यावर कात्री सुचवत होता. हे आजही घडतं, म्हणून देणेकऱ्याने इतरांशी काय करार केले आहेत ते वाचल्याशिवाय टेबलावर बसू नये. युद्धानंतरची चलनव्यवस्था ठरवणाऱ्या 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेतच, जिथे देशमुखही शिष्टमंडळात होते, हिंदुस्थानने हा प्रश्न मांडून ठेवला होता. इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी तिथे देणं सन्मानाने फेडण्याची ग्वाही दिली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत ते फेडून घेण्याची मागणी फेटाळली गेली, पण सर्व देशांसमोर मिळालेली ती ग्वाही पुढे कात्रीविरुद्ध कामाला आली.

14 ऑगस्ट 1947 ला तात्पुरता करार झाला. तेव्हा शिल्लक 116 कोटी पौंड, रुपयांत सुमारे 1,547 कोटी. तिची दोन खाती केली. एक नंबरमध्ये साडेसहा कोटी पौंड, वापरायला मोकळे. बाकी सगळे दोन नंबरमध्ये, गोठलेले. सहाच दिवसांनी, 20 ऑगस्टला, इंग्लंडने पौंडाचे डॉलर करून देणं बंद केलं. मागून का घेतले नाहीत याचं उत्तर या सहा दिवसांत आहे: सगळे मागितले असते तरी द्यायला तिथे डॉलर नव्हते.

जुलै 1948 च्या करारात खरी पट्टी लागली. षण्मुखम चेट्टी तेव्हा अर्थमंत्री. इंग्रजांनी इथे सोडलेली लष्करी सामग्री आणि बांधकामं 10 कोटी पौंडांना आपण घेतली. निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शनं दर वर्षी लंडनला पाठवावी लागायची, त्यासाठी एकरकमी सुमारे 16.8 कोटी पौंड देऊन इंग्लंडच्या सरकारकडून दर वर्षी ठरलेली रक्कम मिळण्याची सोय विकत घेतली. दोन्ही रकमा गोठलेल्या खात्यातून वजा. यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते: आपलेच पैसे पेन्शनीत घालवले. टीका समजते, पण हिशेब असा आहे. गोठलेला पौंड आणि मोकळा पौंड यांची किंमत सारखी नसते. पेन्शन दर वर्षी मोकळ्या पौंडांत जाणार होती. ती गोठलेल्या पौंडांत आधीच चुकती झाली. अडकलेल्या पैशाने न टळणारं देणं फेडणं हा धनकोच्या बाजूने चांगला सौदा आहे. सामग्रीच्या बाबतीत मी इतक्या ठामपणे बोलणार नाही, कारण जुन्या लष्करी मालाची किंमत ज्याला तो विकायचा आहे तोच लावतो. इतकं मात्र खरं की मुद्दलाला कात्री लागली नाही.

जे निसटलं ते वेगळ्याच वाटेने. 18 सप्टेंबर 1949 ला पौंड 4.03 डॉलरवरून 2.80 वर आला. आपण रुपयाही तेवढाच उतरवला, त्यामुळे रुपयांत खातं जसंच्या तसं दिसलं. पण त्या 100 पौंडांत आधी 403 डॉलरचा अमेरिकी गहू किंवा यंत्र आलं असतं, आता 280 चं. करारात सोन्याच्या किंवा डॉलरच्या भावाशी बांधणारं कलम नसलं की असं होतं. उरलेली शिल्लक हप्त्याहप्त्याने सुटत गेली, धान्य आणि यंत्रसामग्रीच्या आयातीत लागली, आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने आटली.

यातलं किती आजच्या कुठल्या प्रकरणाला लागू पडेल, ते तीन गोष्टींवर अवलंबून. देणेकऱ्याची निर्यात उभी राहू शकते का. धनकोला तो देश राजकारणात जवळ हवा आहे का. आणि कर्ज सरकारांचं आहे की रोखे लोकांच्या हातात विखुरलेले आहेत. 2004 मध्ये पॅरिस क्लबने, म्हणजे धनको सरकारांच्या गटाने, इराकचं 38.9 अब्ज डॉलरचं कर्ज 80 टक्क्यांनी कमी केलं, ते धनकोंना इराक लवकर उभा हवा होता म्हणून. तरीही एकदम केलं नाही: 30 टक्के लगेच, 30 नाणेनिधीचा कार्यक्रम मंजूर झाल्यावर, 20 तो पूर्ण झाल्यावर.

तुम्हाला पुढे अभ्यास करायचा असेल तर 1947 आणि 1948 चे दोन्ही करार शेजारी ठेवा आणि बागायतदार पट्टी तपासतो तसे तपासा. वर 116 कोटी लिहा. खाली प्रत्येक वजावट, तिच्यासमोर ती गोठलेल्या खात्यातून की मोकळ्या, आणि बदल्यात काय मिळालं ते. शेवटचा रकाना डॉलरचा ठेवा, सप्टेंबर 1949 च्या आधीचा दर एका रंगात, नंतरचा दुसऱ्या.